आजीचं बोंडलं आणि सुनेची शंका

गेल्या पंधरवड्यात आलेल्या पत्रांपैकी एक पत्र मी मुद्दाम बाजूला काढून ठेवलं होतं. पत्र एका आजींचं आहे. त्यांच्या घरी नात आली. आजींनी हौसेनं कपाटातून चांदीचं बोंडलं काढलं, वाटी-चमचा काढला. याच बोंडल्यानं चाळीस वर्षांपूर्वी त्यांनी आपल्या मुलाला, म्हणजे बाळाच्या बाबाला, दूध पाजलं होतं. घासूनपुसून लख्ख करून त्यांनी ते सुनेच्या हातात दिलं, तर सून म्हणाली, "आई, राहू द्या. डॉक्टर बोंडलं नको म्हणालेत." झालं! आजींच्या मनाला लागलं. बोंडलं पुन्हा कपाटात गेलं आणि घरात जेवढ्यास तेवढं बोलणं सुरू झालं.

आजी विचारतात, "चांदी थंड, चांदी औषधी, चांदीच्या भांड्यातलं बाळाला बाधत नाही, असं आम्ही आमच्या आईकडून ऐकलं. मग ते सगळं खोटं का? आणि खोटं असेल तर एवढी भांडी घेऊन मी करू काय? मोडीत घालू?"

आजी, मोडीत मुळीच घालू नका. तुमच्या आईनं सांगितलं ते अगदीच खोटं नव्हतं, आणि तुमची सून म्हणते तेही खरं आहे. दोन्ही खरी कशी, ते आज सविस्तर पाहू. त्या निमित्तानं चांदीची भांडी घ्यावीत कशी, वापरावीत कशी आणि घासावीत कशी, हेही बोलू. कारण पत्र एका आजींचं असलं, तरी प्रश्न घरोघरचा आहे.

चांदीचे गुण कोणते?

चांदीत जंतू मारण्याची शक्ती आहे, ही गोष्ट खरी आहे आणि जुनीही आहे. इराणचा राजा स्वारीवर निघाला की एका ठरावीक नदीचं पाणी उकळून चांदीच्या भांड्यांतून बरोबर नेत असे, असं ग्रीक इतिहासकार हिरोडोटस यानं सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलं आहे. आपल्याकडे जयपूरचे महाराज सवाई माधोसिंह १९०२ साली राज्यारोहणाच्या सोहळ्यासाठी विलायतेला गेले, तेव्हा त्यांनी गंगाजल नेलं ते चांदीच्या प्रचंड घागरींतून. त्यांतली एकेक घागर सुमारे ३४५ किलो वजनाची आहे. जयपूरच्या राजवाड्यात त्या आजही पाहायला मिळतात.

शास्त्रानंही याला दुजोरा दिला आहे. चांदीचे अतिसूक्ष्म कण पाण्यात उतरतात आणि ते जंतूंना जगू देत नाहीत. १८८०च्या सुमारास क्रेडे नावाच्या जर्मन डॉक्टरांनी नवजात बाळांच्या डोळ्यांत चांदीच्या क्षाराचे थेंब घालायला सुरुवात केली आणि त्यामुळे कितीतरी बाळांची दृष्टी वाचली. भाजलेल्या जखमेवर लावायच्या मलमात आजही चांदीचं संयुग असतं. पाणी गाळायच्या काही फिल्टरमध्येही चांदी वापरतात.

पण मैत्रिणींनो, इथेच आपली थोडी गल्लत होते. ही शक्ती काम करते ती बराच वेळ मिळाला तर, आणि शक्यतो स्वच्छ पाण्यात. दूध ओतलं, दहा मिनिटांत बाळाला पाजलं, एवढ्यात चांदीची वाटी काही करू शकत नाही. दुधातली प्रथिनंही चांदीचे कण धरून ठेवतात. तेव्हा वाटी चांदीची आहे म्हणून न उकळलेलं दूध चालेल, हात न धुता भरवलं तरी चालेल, सकाळचं उरलेलं दुपारी चालेल, असं मुळीच नाही. स्वच्छतेची जबाबदारी आपल्यावरच राहते. चांदीच्या वाटीनं बाळाची बुद्धी तल्लख होते, रंग उजळतो, असंही कुणी कुणी सांगतं. त्याला काही आधार नाही.

चांदीच्या भांड्यात जेवल्यानं काही अपाय होतो का, असंही काहीजणी विचारतात. चांगल्या शुद्ध चांदीच्या ताटात रोज जेवलं तरी काही बिघडत नाही. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमपर्यंत चांदी असली तरी धोका नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मात्र 'चांदीचं पाणी' म्हणून बाटल्यांतून जे विकलं जातं ते पिण्याच्या भरीला पडू नका. चांदी फार दिवस पोटात जात राहिली तर कातडीचा रंग निळसर-करडा होतो, आणि एकदा झाला की तो सहसा जात नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं १९९९ साली स्पष्ट केलं की अशी द्रवं औषध म्हणून सुरक्षित किंवा गुणकारी मानता येत नाहीत. चांदी ताटात शोभते. ती पोटात जायची असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

बोंडलं का नको?

आता आजींच्या बोंडल्याकडे वळू. आजी, एकदा ते उजेडात धरून त्याच्या चोचीत डोकावून पाहा. चोच अरुंद आणि किंचित वाकडी असते. दूध आत जातं, पण घासायला बोट जात नाही, ब्रश जात नाही. जिथे हात पोचत नाही तिथे दुधाचा साय धरलेला थर राहतो आणि त्यातच जंतू वाढतात. दोष चांदीचा नाही, त्या चोचीचा आहे. पूर्वी घरात दहा माणसं राबत होती, बोंडलं दर वेळी उकळत होतं आणि तरीही लहान बाळांना हगवण लागायचीच. ती बोंडल्यातून आली, हे तेव्हा कुणाच्या लक्षात येत नसे, इतकंच.

दुसरी गोष्ट सांध्याची. बोंडल्याला चोच नंतर जोडलेली असते. चांदीचे सांधे झाळायला जो मिश्रधातू वापरत, त्यात पूर्वी कॅडमियम घालण्याची पद्धत होती, कारण त्यामुळे तो लवकर वितळतो. कॅडमियम हा विषारी धातू आहे. तुमच्या बोंडल्यात तो आहे की नाही हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येणार नाही. म्हणून जुन्या, जोडकामाच्या भांड्यातून बाळाला काही देऊ नये हेच बरं.

तिसरी गोष्ट, आता सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईचंच दूध द्यावं, वरचं पाणीसुद्धा देऊ नये, असं सगळे डॉक्टर सांगतात. म्हणजे बोंडल्याची गरजच सरली. काही कारणानं वरून दूध द्यायची वेळ आलीच, तर ते कशानं आणि किती द्यायचं हे डॉक्टरांनाच विचारा. चांदीच्या चमच्यानं मध चाटवण्याची रीतही बऱ्याच घरांत आहे. त्यातला चमचा निरुपद्रवी आहे, पण मध नाही. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये. त्यातून क्वचित पण फार गंभीर आजार होऊ शकतो.

आजी, म्हणून सुनेचं बरोबर आहे. पण तुमच्या वाटी-चमच्याची पाळी जायची नाही. ती सहा महिन्यांनी येते, उष्टावणाच्या दिवशी! वाटी एकसंध पत्र्याची असेल, आतून गुळगुळीत असेल, काठ दुमडलेला नसेल, तर त्या दिवसापासून नातीला रोज त्याच वाटीतून भरवा. वापरण्यापूर्वी आणि नंतर साबणानं धुवायची आणि रोज एकदा पाण्यात उकळून काढायची. चमच्याच्या दांडीला घुंगरू किंवा सैल मणी असेल तर तो काढून टाका, बाळाच्या तोंडात जायला वेळ लागत नाही.

एक मात्र ध्यानात ठेवा. चांदी ही सगळ्या धातूंत उष्णता सर्वांत पटकन वाहून नेणारी. स्टीलच्या पंचवीस पटींहूनही जास्त! त्यामुळे गरम भात किंवा खिमट घातलं की वाटीचा काठ आणि चमचा क्षणात तितकाच तापतो. 'चांदी थंड' हे ऐकून आपण निर्धास्त असतो आणि बाळाचे ओठ पोळतात. आधी चमचा स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून पाहायचा आणि मगच बाळाच्या तोंडाशी न्यायचा.

पानाची डावी बाजू

आता मोठ्यांच्या जेवणाकडे येऊ. केळवण असो, जावयाचं पहिलं जेवण असो की गौरीचा नैवेद्य, चांदीचं ताट निघतं. या ताटाचे शत्रू कोण ते लक्षात ठेवायची एक सोपी युक्ती सांगते. पानात डावीकडे जे जे वाढतो, ते ते चांदीला बाधतं.

सर्वांत वर मीठ. ओलसर मीठ चांदीला खातं आणि त्या जागी बारीक खड्डे पडतात. ते घासून जात नाहीत. मग लिंबू, लोणचं, चिंचेची चटणी, कोशिंबीर. ही सगळी आंबट. चांदी स्वतः आंबटाला फारशी दबत नाही, पण भांड्याच्या चांदीत तांबं मिसळलेलं असतं आणि आंबटानं ते तांबं सुटतं. चांदी हलकी असेल तर तांबं जास्त, आणि सुटतंही जास्त. म्हणूनच चांदीच्या वाटीत दही लावू नये, लोणचं भरून ठेवू नये, आमटी रात्रभर राहू देऊ नये. जेवायला बसल्यावर वाटीभर श्रीखंड वाढलं, खाल्लं आणि वाटी लगेच धुतली, तर काही होत नाही. भांड्याचं नुकसान होतं ते साठवण्यानं.

तिसरा शत्रू गंधक. अंडं, कांदा, लसूण, कोबी, मोहरी, हिंग या सगळ्यांत गंधकाचा अंश असतो आणि गंधक लागलं की चांदी काळी पडते. अंड्याला चांदीचा चमचा लावून पाहा, तिथल्या तिथे तपकिरी होतो. तो काळेपणा विषारी नाही, पण दिसायला वाईट. देवाच्या नैवेद्यात कांदा-लसूण नसतं, त्यामुळे त्या ताटाचा जीव तेवढा तरी वाचतो!

मग उपाय काय? मीठ, लिंबू, चटणी, लोणचं यांच्यासाठी काचेच्या किंवा स्टीलच्या चिमुकल्या वाट्या ठेवा, नाहीतर ताटात डाव्या बाजूला केळीच्या पानाचा तुकडा घाला. पान शोभतं, ताट वाचतं. जेवणं उरकली की ताटं मोरीत पडू देऊ नका. लगेच पाण्याखाली धरा, मऊ फडक्यानं धुवा आणि तेव्हाच कोरडी करा. चांदीचं भांडं गॅसवर ठेवू नये, सांधे सुटतात. डिशवॉशरमध्ये स्टीलबरोबर तर नकोच, डाग पडतात.

घेताना डोळे उघडे ठेवा

आता एक माझी गोष्ट सांगते. माझ्या लग्नात वडिलांनी सहा वाट्या दिल्या होत्या. एकेक ५० ग्रॅमची, मिळून ३०० ग्रॅम. त्या काळी वडिलांच्या पगाराला ती फार मोठी खरेदी होती. पुढे माझ्या मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा त्या वाट्या देऊन तिला एक ताट करावं म्हणून मी सराफाकडे गेले. त्यानं यंत्रावर तपासून सांगितलं, "वहिनी, ही ५५ टंच निघतेय." म्हणजे १०० भागांत ५५ भाग चांदी. माझ्या ३०० ग्रॅममध्ये चांदी होती १६५ ग्रॅम, बाकी तांबं! वडिलांनी जपून ठेवलेली चिठ्ठी होती माझ्याकडे. तिच्यावर वजन होतं, भाव होता, पण शुद्धतेचा शब्द नव्हता. ज्यानं विकलं ते दुकान केव्हाच बंद झालं होतं. वडीलही तेव्हा हयात नव्हते, आणि ते नसल्याचं त्या दिवशी मला प्रथमच बरं वाटलं.

म्हणून मैत्रिणींनो, कळकळीनं सांगते. २०२५ साली चांदीचा भाव किलोला दोन लाखांच्या पुढे गेला. अशा भावात डोळे झाकून घेणं कुणालाच परवडायचं नाही. पुढच्या गोष्टी एखाद्या चिठ्ठीवर लिहून पर्समध्ये ठेवा.

पहिली गोष्ट शुद्धता. ती हजारांत सांगतात. ९९९ म्हणजे जवळजवळ निव्वळ चांदी. ९२५ म्हणजे हजारांत ९२५ भाग चांदी आणि बाकी बहुधा तांबं. हीच 'स्टर्लिंग'. ८०० म्हणजे हजारांत ८००. निव्वळ चांदी मऊ असते. ताट-वाटी रोज वापरली तर चेपते, पोचे येतात. ९२५ची टणक असते, पण थोडी लवकर काळी पडते. देवापुढे ठेवायला किंवा गुंतवणूक म्हणून ९९०-९९९ घ्या, रोजच्या वापराला ९२५ ठीक. त्याहून हलकी जेवणाच्या भांड्यांना घेऊ नये.

दुसरी गोष्ट हॉलमार्क. भारतीय मानक ब्युरोची त्रिकोणी खूण, 'सिल्व्हर' हा शब्द आणि शुद्धतेचा आकडा, हे भांड्यावर पाहा. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या हॉलमार्कबरोबर सहा अक्षरं-अंकांची खास ओळख देण्याची पद्धतही ऐच्छिक म्हणून सुरू झाली. ती ओळख मोबाइलवर 'बीआयएस केअर' या ॲपमध्ये घातली की वस्तूची माहिती मिळते. दुकानातच तपासा, लाजू नका. तिथे माल दाखवायला ते बसले आहेत आणि आपण पारखायला गेलो आहोत.

तिसरी गोष्ट पावती. तिच्यावर वजन, शुद्धता, त्या दिवशीचा भाव आणि घडणावळ वेगवेगळी लिहून घ्या. मोडताना किती घट धरणार, तेही आधीच विचारा. नक्षीकाम जितकं जास्त, तितकी घडणावळ जास्त, आणि मोडीत तिचा एक पैसाही परत मिळत नाही. साधं, जाड पत्र्याचं, गुळगुळीत भांडं घेण्यात दुहेरी फायदा आहे. पैसा चांदीत जातो आणि नक्षीच्या खोबणीत अन्न अडकत नाही. आपल्याकडे विदर्भातलं खामगाव चांदीसाठी प्रसिद्ध, तर कोल्हापूरजवळचं हुपरी चांदीच्या दागिन्यांसाठी. पण गाव कितीही नावाजलेलं असलं तरी पावती ती पावतीच!

चौथी गोष्ट, 'जर्मन सिल्व्हर' या नावाला भुलू नका. त्यात चांदी औषधालाही नसते. तांबं, जस्त आणि निकेल यांचं ते मिश्रण. रुखवतात मांडायला, हळदीकुंकवाची तबकं म्हणून ते खुशाल घ्या, स्वस्त आणि देखणं असतं. पण त्यात आंबट पदार्थ ठेवू नयेत, आणि निकेलची ॲलर्जी असणाऱ्यांनी त्यापासून दूरच राहावं. बाळाची वाटी तर त्याची नकोच. जुन्या घरांत विलायती काटे-चमचे निघतात, त्यांच्या पाठीवर 'ईपीएनएस' अशी अक्षरं असतील तर तो जर्मन सिल्व्हरवर दिलेला चांदीचा मुलामा समजावा. उलट चालणाऱ्या सिंहाची चिमुकली मुद्रा दिसली, तर ती स्टर्लिंगची इंग्रजी खूण आहे. ते चमचे जपा!

घरात जुनी भांडी असतील आणि पावती नसेल, तर एक ढोबळ परीक्षा घरीच करता येते. चुंबकाची नव्हे. चांदी चुंबकाला चिकटत नाही हे खरं, पण तांबं आणि जर्मन सिल्व्हरही चिकटत नाही. स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा घ्या. समजा, तुमचा पेला २१० ग्रॅमचा आहे. आता काट्यावर पाण्यानं भरलेलं प्लॅस्टिकचं भांडं ठेवून आकडा शून्यावर आणा. पेल्याला दोरा बांधून तो पाण्यात पूर्ण बुडवा. बुडाला किंवा कडेला टेकू देऊ नका, आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. आता काट्यावर २०च्या आसपास आकडा आला, तर २१० भागिले २० म्हणजे साडेदहा. चांदीचं हेच माप. तोच आकडा २४च्या आसपास आला, तर भागाकार पावणेनऊ येतो, म्हणजे तो पेला बहुधा जर्मन सिल्व्हरचा. भांडं भरीव आणि जरा वजनदार असेल तरच ही परीक्षा कामाची. पोकळ मुठीच्या, लाख भरलेल्या वस्तूंना ती लागू नाही. नेमका टंच हवा असेल तर तपासणी केंद्रातच जायला हवं.

घासताना हात आवरा

चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकामुळे. दमट हवेत हे लवकर होतं, म्हणून मुंबई-कोकणातल्या मैत्रिणींना घासायचं काम जास्त. त्या काळेपणाचा थर अगदी पातळ असतो. पण आपण काय करतो? राख, रांगोळी, तारेची घासणी घेऊन बसतो आणि काळेपणाबरोबर चांदीही घासून काढतो. वर्षातून चार वेळा असं केलं की पन्नास वर्षांत कमळाच्या पाकळ्या सपाट होतात आणि आजीचं कोरलेलं नाव पुसून जातं. दात घासायची पेस्टही नको, तिनंही ओरखडे येतात. चिंच पितळेला आणि तांब्याला ठेवा.

नेहमीसाठी कोमट पाणी आणि रिठ्याचा फेस किंवा सौम्य साबण, बस्स. मऊ सुती फडक्यानं धुवून लगेच कोरडं करावं. जरा पिवळसर झाकोळ आला असेल तर खडूची वस्त्रगाळ पूड पाण्यात कालवून बोटानं हलकेच, सरळ रेषेत चोळावी.

फार काळी पडली असतील तर ही युक्ती करा. ॲल्युमिनियमचं जुनं पातेलं घ्या, किंवा स्टीलच्या पातेल्यात तळाला ॲल्युमिनियमची फॉइल अंथरा. एक लिटर उकळतं पाणी, त्यात दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा. भांडी अशी ठेवा की त्यांचा ॲल्युमिनियमला स्पर्श होईल. पाच मिनिटांत काळेपणा उतरतो आणि कुजक्या अंड्यासारखा वास येतो. घाबरू नका, तो चांदीवरच्या गंधकाचा वास आहे. खिडकी मात्र उघडी ठेवा. यात गंधक चांदीला सोडून ॲल्युमिनियमकडे जातं, म्हणून चांदी झिजत नाही. मग साबणानं धुवून कोरडं करा. मीनाकारीच्या, खडे बसवलेल्या, लाख भरलेल्या, मुलामा दिलेल्या किंवा मुद्दाम काळ्या छटेत ठेवलेल्या वस्तूंना हा उपाय करू नये. त्या नुसत्या पुसाव्यात.

सराफाकडे उजाळा द्यायला टाकणार असाल तर जाताना वजन लिहून घ्या आणि आणतानाही करून घ्या. तेजाबात बुडवून काढलं की थोडी चांदी जातेच. ती किती जाते यावर आपली नजर हवी.

ठेवताना भांडी खळ न घातलेल्या, धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा आणि झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत घालून हवा काढून टाका. आत खडूची कांडी ठेवली की दमटपणा कमी राहतो. लोकरीत गुंडाळू नका. वर्तमानपत्रात नको. आणि चमच्यांच्या जुडग्याला रबर तर कधीच लावू नका. रबरात गंधक असतं, त्याचा काळा पट्टा चमच्यावर कायमचा उमटतो.

पण खरं सांगू? चांदी काळी पडू नये याचा सर्वांत चांगला उपाय म्हणजे ती वापरणं. रोज हाताळलेली, धुतलेली, पुसलेली वाटी वर्षभर उजळ राहते. लॉकरमध्ये दहा वर्षं ठेवलेली वाटी काळीठिक्कर होऊन निघते.

तर आजी, आता असं करा. बोंडलं मोडीत घालू नका. ते स्वच्छ करून कापडात गुंडाळा आणि त्याच्यासोबत एक कागद ठेवा. ते कुणाचं, कुठून आलं आणि त्यानं कुणाकुणाला दूध पाजलं, ते त्यावर लिहा. नातीला मोठेपणी ते आवडेल. आणि वाटी-चमचा आजच सुनेच्या हाती द्या. तिला सांगा, "तुझं बरोबर होतं. ही वाटी उकळून ठेव, उष्टावणाला लागेल." पाहा, घरातला अबोला त्या क्षणी संपतो की नाही! आणि उष्टावणाच्या दिवशी पहिला घास कुणी भरवायचा हा प्रश्न उरलाच, तर तो तुमचा तुम्हीच सोडवा. त्याला माझ्याकडे काही उपाय नाही.